थांबायला लागणारा वेळ

तिने हिरवं बटण दाबलं आणि धक्का बसला नाही. भिंतीवर ठोकलेल्या डबीत लाल आकडे शून्यावरून वर सरकायला लागले, दोन, साडेचार, सात, आणि समोर बापाचा लेथ कूस बदलावी तसा फिरायला लागला. तोंडाशी बसवलेला, काम पकडणारा जाड चक आधी इतक्या सावकाश वळला की त्याचे तीन जबडे वेगवेगळे मोजता येत होते. मग ते एकमेकांत मिसळले, मग नुसतं एक राखाडी वर्तुळ उरलं. दिवा मिणमिणला नाही. जमीन हादरली नाही. तिचा डावा हात आपोआप टेबलाच्या कडेला गेला होता, लहानपणी जायचा तसा, धक्का झेलायला, आणि झेलायला काही आलंच नाही म्हणून तो तिथेच मूर्खासारखा धरून राहिला. अंधारात आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली सपाट फरशी निघावी, तसं झालं. सेहेचाळीस वर्षांची बाई, बावीस वर्षं विजेची पॅनेलं जोडण्यात गेलेली, आणि एका मशीनने दचकवलं नाही म्हणून दचकली होती.

"चालू झाला का?" शेजारी उभ्या मायक्रॉनकाकाने विचारलं.

"झाला की. समोर फिरतोय, दिसत नाही?"

"दिसतंय. ऐकू येत नाही म्हणून विचारलं." त्याने मान वाकडी करून लेथच्या डोक्याशी कान नेला. "पोरी, हे मशीन आहे का मांजर? पायाशी येऊन घासून जाईल आणि कळायचं नाही."

मायक्रॉन हे अर्थातच त्याचं नाव नव्हतं. बापाच्या शेजारच्या लेथवर तीस वर्षं उभा राहिलेला हा टर्नर, मापाचं यंत्र हाताशी असताना आधी बोटाने नळी चाचपायचा आणि सांगायचा, अजून दोन मायक्रॉन काढ. यंत्र लावायचं ते फक्त त्याचं खरं आहे हे बघायला. आता चौऱ्याहत्तर वर्षांचा, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण बोटं शाबूत. साफ करायला म्हणून चक त्याने आठवडाभर स्वतःच्या घरी ठेवून घेतला होता. आज दुपारी तो मांडीवर घेऊन कुणाच्या तरी गाडीतून आला आणि आट्यांना तेल लावून, हाताने फिरवत फिरवत, जागेवर बसवला. त्या वेळी तो जे पुटपुटत होता ते मशीनसाठी होतं, तिच्यासाठी नव्हतं.

"तू बस आता इथे," तो म्हणाला. "मी वर जातो. बाई एकट्याच फरशीवर नजर लावून बसल्या असतील. त्या खोटं बोलायला लागल्या तर साक्षीदार नको?"

"तुम्ही खोटं बोलू नका म्हणजे मिळवली."

"मी मापात खोटं बोलत नाही. बाकी सगळीकडे बोलतो." असं म्हणून तो गुडघे धरत जिना चढून गेला, आणि ती आयुष्यात पहिल्यांदा चालू लेथपाशी एकटी राहिली.

सगळं या एका तासावर होतं. बाप जाऊन अकरा महिने झाले होते. कारखान्याच्या जागेवर मालक टपूनच होता. महिन्याच्या आत त्याने कुलूप बदललं. त्याआधीच लेथ तिने कुणाला न विचारता उचलून आणला आणि इमारतीच्या तळमजल्यावर, आपल्या मागच्या खोलीत, खाट बाहेर काढून बसवला. भावाने कपाळावर हात मारला. वरच्या बाईंनी मारला नाही, त्यांनी नियम सांगितला. बाई जन्मभर शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या; त्यांच्या पलंगाचे पाय बरोबर तिच्या मागच्या खोलीवर येत. "रविवारी चार ते पाच चालवून दाखव," त्या म्हणाल्या होत्या. "मी फरशीवर पाण्याचा पेला ठेवून बसणार. पाणी हललं तर मशीन जाणार. आणि तास म्हणजे साठ मिनिटं. पंचेचाळिसाचा तास शाळेत असतो." दादाने तर सोमवार ठरवूनच टाकला होता. भंगारवाला सकाळी नऊला. "अख्खा नेत नाहीत ते," दादा फोनवर म्हणाला, "गॅस कटरने तुकडे करून नेतात. तू त्या वेळी कामावर जा, बघत बसू नकोस." हे त्याने मायेनेच सांगितलं होतं. म्हणून ती जास्त भडकली होती.

तर तिने लेथ मुका करायचं ठरवलं. हे काम तिच्याइतकं या शहरात कुणाला येत नसेल. कारखान्यात विजेचे तीन फेज येतात आणि जुनी मोटर त्या तिघांवर चालते. घरात एकच फेज येतो, त्याच्यावर ती मोटर नुसती कण्हते. मधे ड्राइव्ह बसवावा लागतो. बुटाच्या खोक्याएवढी डबी. एका फेजमधून तीन तयार करते, वर वेगही हवा तसा कमीजास्त करते. अशा शेकडो डब्या तिने लोकांच्या कारखान्यांत बसवल्या होत्या. मोटरीच्या डोक्यावरचं झाकण काढून आतल्या जोडण्या घरच्या दाबाला बसतील अशा बदलल्या. बापाचा काळा मुठीचा स्विच मधून काढला, कारण ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामधे कुणी लुडबुड केलेली ड्राइव्हला चालत नाही. ड्राइव्ह बारीक शिट्टी मारतो, ती माणसाच्या कानाला लागणार नाही इतकी वर चढवली. लेथच्या पायांखाली जाड रबर घातलं. पट्ट्याचा जोड पूर्वी पत्र्याच्या दातांचा होता, प्रत्येक फेरीला पुलीवर फाटकन वाजायचा. तिने बिनआवाजाचा, चिकटवलेल्या जोडाचा नवा पट्टा आणून ताणून बसवला. एकेक आवाज शोधून काढून त्याचा गळा दाबला, आणि प्रत्येक वेळी हात पुसून म्हणाली, हं, हा गेला.

आता स्टुलावर बसून ती त्या गेलेल्यांना शोधत होती.

जुन्या वस्तूंवर प्रेम करणारी माणसं तिला मुळीच आवडत नसत. गंजकी इस्त्री दिवाणखान्यात मांडून ठेवायची आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवायची. त्या इस्त्रीने जिचे हात भाजले तिचं नाव कुणाला माहीत नसतं. आपण त्यातल्या नाही, असं ती स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत असे. आणि खरं म्हणजे तिला लेथची आठवण यावी असं काही नव्हतंच. तिने तो धड पाहिलाही नव्हता. कारखाना पुढे आणि घर मागे, मधे फळ्यांची भिंत. त्या भिंतीला टेकवलेल्या टेबलावर तिचा अभ्यास. दार होतं, पण ते मुलीसाठी नव्हतं. "मशीन केस बघत नाही, बोट बघत नाही, ओढून घेतं," बाप म्हणायचा. केस कापते म्हटलं तर म्हणायचा, बोटं कुठे कापशील? त्यावर कारखान्यातली चार माणसं हसायची. आई असती तर कदाचित काही बोलली असती, नव्हती. दादाला मात्र मानगूट धरून आत नेलं होतं. तो दोन वर्षं रोज संध्याकाळी रडवेला चेहरा करून लेथपाशी उभा राहायचा, कीस झाडायचा आणि उलटी आल्यासारखं तोंड करायचा. तेलाच्या वासाने त्याचं डोकं चढायचं. ज्याला नको त्याच्या घशात घालायचं आणि जिला हवं तिला फळीपलीकडे बसवायचं, असा तो न्याय. पुढे दादा विम्याच्या कचेरीत चिकटला, पांढरा शर्ट घालायला लागला, आणि बाप लोकांना सांगत राहिला की पोराने नाव काढलं. पोरगी वायरिंगचा कोर्स करून पहिल्या कामावर गेली, त्या दिवशी तो म्हणाला, वीज दिसत नाही, सांभाळून. एवढंच.

पण फळीतून आवाज येतो, आणि फळीला कुणी सांगितलेलं नसतं की कोण मुलगी आणि कोण मुलगा. सकाळी आठला आधी काळ्या मुठीचा खटका, मग धप्प, अख्ख्या घराच्या छातीत. दिवा मान टाकायचा, टेबलावरची शाईची बाटली बोटभर सरकायची, ती डाव्या हाताने कड धरायची. मग पट्ट्याची फाट फाट, आधी मोजता येईल अशी, मग इतकी भरभर की तिचं एकच कापड व्हायचं. त्या कापडावर दिवसभर काय काय उमटायचं. पितळ आलं की कोरडं, वाळू सांडल्यासारखं. बिडाचं काम असलं की दळणाची घरघर, आणि संध्याकाळी बापाच्या नाकात काळं. पोलाद चांगलं कापलं जात असलं की नुसता एक लांब स्स, न तुटणारा, आणि हत्याराची धार गेली की तोच आवाज किरकिरा. बाप थांबवायच्या दोन क्षण आधी तिला कळायचं की आता थांबवणार. भूमितीचं प्रमेय आणि आटे पाडण्याचा आवाज तिच्या डोक्यात एकाच खणात पडलेले होते. परीक्षेला बसली की वर्गातल्या शांततेत तिला काही आठवायचं नाही. ती पाय हलवून बाकाचा स्क्रू वाजवायची. वर्गावरच्या बाई येऊन म्हणायच्या, पाय स्थिर. पाय स्थिर केला की उत्तर पुसलं जायचं.

साडेचार वाजले. वर एक खुर्ची सरकली. काका काहीतरी म्हणाला असावा, कारण बाई हसल्या, आणि बाई हसतात हे तिला आजच कळलं. आकडे पंचवीसवर स्थिर होते. हे सावकाश चालणं ती तासभर असंच ठेवणार होती, तसंच ठरलं होतं. पेला काही हलणार नाही, भंगारवाला परत जाईल, लेथ राहील. जिंकलीच होती ती. आणि समोर जे फिरत होतं ते कुणाचंही असू शकलं असतं. बापाने घासून गुळगुळीत केलेली हातचाकं, रंग उडून आतलं बीड दिसणारी ती कड, सगळं तेच, आणि एखाद्या ओळखीच्या माणसाने आपल्याला न ओळखता शेजारून निघून जावं तसं चाललेलं. भुतासारखं म्हणावं तर भुताचाही म्हणे आवाज येतो. तिला एकदम संताप आला. कुणाचा ते कळेना. मग डोळे भरून आले आणि ती आणखी संतापली, कारण त्या गंजक्या इस्त्रीवाल्यांच्या रांगेत आपण जाऊन उभ्या राहिलो आहोत हे तिला स्वच्छ दिसलं.

ती उठली आणि ड्राइव्हची मूठ थोडी पुढे फिरवली. तीस. काही नाही. पस्तीस. वारा वाढल्यासारखा एक फुसका सूर, पंख्याचा असावा. चाळीस. थोडंसंच, ती मनात म्हणाली, कुणाला कळणार आहे. दारुडा म्हणतो तसंच, तितक्याच खात्रीने. पंचेचाळीस. पन्नास, म्हणजे बापाचा वेग, बरोबर तोच, आणि तरीही नुसती हवा. पाचला सहा मिनिटं होती. तिने मूठ पन्नासच्या पुढे नेली. त्रेपन्न. छप्पन. आणि छप्पनला कुठूनतरी, लेथमधून नव्हे, जमिनीतून, रबराखालून, एक घुमणारं हुं वर आलं. टेबलावरच्या लोखंडी पान्यांना ते सापडलं आणि ते एकमेकांना बारीक टेकू लागले. भिंतीतून तिच्या खांद्यात आलं. तोच सूर नव्हता, पण त्याच घराण्यातला होता. बापाच्या आवाजात चुलत्याने हाक मारावी तसा. तिने डोळे मिटले. फळीला टेकलेली पाठ, शाईचा वास, दहावीचं वर्ष. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग डोळे उघडले तर पाने टेबलाच्या कडेपर्यंत सरकले होते. पेला, तिला आठवलं. वर पेला आहे. घाबरून तिने लाल बटण दाबलं.

हे बटण दाबल्यावर काय व्हावं ते तिने स्वतः ठरवलं होतं: एक सेकंद. प्रत्येक मशीनला ती एक सेकंदच द्यायची. नऊ वर्षांपूर्वी खोकी भरायच्या एका कारखान्यात तिने पॅनेल जोडलं, आणि पट्टा थांबायला किती वेळ द्यायचा असं मालकाला विचारलं. मालक म्हणाला नऊ सेकंद, झटक्याने थांबला तर खोकी पडतात. तिने नऊ टाकले. एका दुपारी खोकी भरणाऱ्या मुलीची बाही अडकली. शेजारणीने लगेच लाल बटण दाबलं, अगदी लगेच, आणि पट्टा पुढचे नऊ सेकंद चालत राहिला. दोन बोटं. खोकं एकही पडलं नव्हतं. त्यानंतर कुणी काही सांगो, ती एकच टाकायची. थांब म्हटलं की थांबतं तेच मशीन, असं ती नव्या मुलींना दम देऊन शिकवायची. बापाच्या लेथला एक सेकंद देताना तर तिला अभिमान वाटला होता. ओढून घेतं म्हणायचे ना? घ्या. आता ओढून दाखव म्हणावं.

एका सेकंदात लेथ थांबला. चक थांबला नाही. अठरा किलोचं ते लोखंड ज्या आट्यांवर हाताने फिरवून बसवलं होतं त्यांच्यावरून स्वतःच्याच वेगाने उलगडत बाहेर आलं, क्षणभर हवेत, कशालाच न धरता फिरत राहिलं, आणि लेथच्या बेडवर, बापाने कधी हातोडीसुद्धा ठेवू न दिलेल्या त्या घासलेल्या रुळावर, कोसळलं. तिथून खालच्या पत्र्याच्या तसराळ्यात, तिथून फरशीवर; आणि फरशीवर ते भोवऱ्यासारखं गिरकी घेत तिच्या पायाला वीतभर अंतरावरून जाऊन भिंतीवर आपटलं. ती दाराला पाठ लावून उभी होती. तिथे कशी पोचली ते तिला माहीत नव्हतं. इमारत अजून वाजत होती.

जिन्यावर आधी बाईंच्या सपाता, मागून काकाचे गुडघे. "पेटी पडली असेल हो, हत्यारांची पेटी," काका मोठ्याने म्हणत येत होता, तिला ऐकू जावं अशा बेताने. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात पेला तसाच, अर्धा सांडलेला. त्यांच्या खांद्यामागून काका भुवया उडवून खुणा करत होता: पेटी, पेटी.

"काय पडलं?" बाईंनी विचारलं.

"चक," ती म्हणाली. काकाने डोळे मिटले.

"म्हणजे?"

"मशीनमधलं फिरतं ते."

"ते पडतं?"

"पडायला नको."

"मग का पडलं?"

"मी फार पटकन थांबवलं. आट्यांवर बसवलेलं असतं ते. मशीन थांबलं, ते फिरत राहिलं, सुटलं." तिने भिंतीपाशी पडलेल्या चककडे बोट दाखवलं. "मला हे माहीत नव्हतं. आणि त्याआधी मी वेग वाढवला होता. ठरलं नव्हतं तितका."

"का?"

यावर तिच्याकडे बरीच उत्तरं होती आणि एकही दारात उभं राहून देण्यासारखं नव्हतं. "आवाज ऐकायचा होता," ती म्हणाली.

बाईंनी चक पाहिला, भिंतीचा उडालेला पोपडा पाहिला, तिचे पाय पाहिले. "तासभर पाणी हललं नाही," त्या म्हणाल्या. "मी यांना दोनदा विचारलं, अहो, सुरू केलंय ना तिने, का झोपली? शेवटी फरशीला जराशा मुंग्या आल्या, त्याचं मी काही म्हणणार नव्हते. आणि मग हे. मला वाटलं, खाली मेली ही." पेल्यात उरलेलं पाणी त्या उभ्या उभ्या प्यायल्या. "परत पडेल?"

काका पुढे होऊन नाही म्हणणार होता. "शिकले नाही तर पडेल," ती म्हणाली.

"हं." बाईंनी पेला टेबलावर ठेवला, पाने सरकवून मधोमध. "मशीन पास. तू नापास. मशीन राहू दे, तू शीक. आणि ज्याला येतं तो शेजारी उभा असल्याशिवाय सुरू करायचं नाही. हे तुम्हालाही सांगतेय," त्या काकाकडे न बघता म्हणाल्या, "पेटी म्हणे पेटी," आणि वर निघून गेल्या.

तिने दादाला लिहिलं, उद्या कुणाला पाठवू नकोस. मग ती स्टुलावर बसली आणि हसायला लागली, आणि ते हसणं बरंच लांबलं, मधे एकदा रडण्यातूनही जाऊन आलं. काकाने तिला थांबवलं नाही. तो गुडघ्यावर बसून नखाने चकचे आटे तपासत होता, एकेक, जपमाळ ओढावी तसे.

"तुम्ही सांगितलं का नाही मला?"

"काय सांगायचं? पायऱ्या उतरताना पाय टाक, असं कुणी सांगतं का? जो लेथवर उभा राहिलाय त्याला ठाऊकच असतं. लेथ असा गप्पकन कधी थांबतच नव्हता. बंद केला की फिरत राहायचा, फिरत राहायचा, दमून थांबायचा." त्याने आटे पुसले. "तुझ्या बापाला कितीदा म्हटलं, पोरीला उभी कर. म्हणायचा, ती माझ्यापेक्षा चांगली होईल, आणि एक दिवस बोट जाईल, मग मी काय करू? हे असं. आता त्याच्याशी भांड."

ती भांडली नाही. चांगली होईल, हे शब्द ती आतल्या आत उलटेसुलटे करून पाहत राहिली. हे फळीतून ऐकू आलं नव्हतं. फळीतून फक्त हसणं यायचं.

आटे शाबूत होते. दोघांनी मिळून चक परत चढवला, या वेळी ठोकून घट्ट केला. तिने डबीची बटणं दाबत थांबवायचं काम ड्राइव्हकडून काढून घेतलं. बंद केलं की मोटर मोकळी सोडायची. सुरू केला, पन्नासवर नेला, बंद केला. चक एकटाच फिरत राहिला. मग काका सहज, सवयीने, दुसरीकडे बघत पुढे झाला आणि त्याने उजव्या हाताचा पंजा फिरत्या चकच्या अंगावर टेकवला. शश्श्श. तापलेल्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवावा तसा एक मऊ, लांब, उतरत जाणारा आवाज झाला आणि लेथ थांबला.

तिच्या मानेवर काटा आला. हा. पितळ, बीड, पोलाद, पट्टा, खटका, सगळं तिने मोजलं होतं, आणि हा कधी मोजलाच नव्हता. कारण तो दिवसातून शंभरदा यायचा आणि त्याच्यानंतर काही नसायचं. जेवायच्या सुट्टीआधी हा. संध्याकाळी सातला हा, आणि मग दार उघडून बाप घरात. तिला जन्मभर वाटत होतं की ते मशीनचं उसासणं आहे. ती बापाची कातडी होती.

"असं करायचे बाबा?"

"सगळेच करायचे. वेळ कुणाला होता?"

"मला म्हणायचे मशीन हात ओढतं."

"ओढतंच की. हे बघ." त्याने पंजा उलटा करून दाखवला, करंगळीखाली एक जुना, पांढरा, दोरीसारखा वण. "जबड्याची कड. तुझ्या बापाच्याही होता, याच जागी."

होता. पण तो कशाचा ते तिला अकरा महिन्यांपूर्वी त्याचे गार हात पुसतानाही कळलं नव्हतं. ती डबीपाशी गेली. थांबवायचं काम परत ड्राइव्हकडे दिलं आणि वेळ टाकला: बारा सेकंद. चक सुटणार नाही इतका सावकाश, आणि कुणाला हात लावावा लागणार नाही इतका लवकर. दोनदा, तीनदा चालवून, बंद करून पाहिलं. आकडे उतरत आले, चक आपोआप थांबला, कसलाही आवाज न करता. काकाचा पंजा प्रत्येक वेळी पुढे येऊन हवेत अडला.

"हात मागे," ती म्हणाली. "माझ्या मशीनला चालताना कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही."

"अरे वा. बापाचीच भाषा की."

"असू दे."

तो हसला, पण हात मागे घेतला. मग बेडवर वाकला. चक जिथे कोसळला होता तिथे रुळाच्या कडेला नखाएवढा खड्डा पडला होता आणि दाबलेलं लोखंड त्याच्या काठावर उसवून वर आलं होतं. "बोट आण," तो म्हणाला, आणि तिची तर्जनी धरून, मुलाला अक्षर गिरवायला लावावं तशी, त्यावरून फिरवली. काठ नखाला लागला.

"बाबांनी चाळीस वर्षांत एक ओरखडा येऊ दिला नव्हता."

"हो. आणि तू पहिल्या तासात खड्डा केलास. कामाला वेग आहे." त्याने खिशातून दगड काढला, साबणाच्या तुकड्याएवढा, काळपट, त्यावर तेल सोडलं आणि तिच्या हातात दिला. "सपाट धर. दाबू नकोस, नुसता फिरव. जे वर आलंय तेवढंच काढायचं."

"आणि खड्डा?"

"खड्ड्याला हात लावायचा नाही. खड्ड्याने काही अडत नाही, गाडा त्याच्यावरून जातो. अडतं ते वर आलेलं."

ती घासत बसली. तेल आधी करडं झालं, मग काळं. वर बाई पलंग सरकवत होत्या. काकाने गाड्याचं हातचाक तिच्याकडे वळवलं. हत्यार धरून बेडवरून सरकणारा तो जड भाग तिने दोन्ही हातांनी फिरवत फिरवत खड्ड्यापर्यंत आणला. तिथे तो अडला. थोडासाच. तिने गाडा मागे नेला, दगडावर तेलाचा आणखी एक थेंब सोडला आणि परत वाकली.